थंड खोलीतलं बदक

माझ्या नणंदेला ‘नाही’ म्हणता येत नाही. तोंडात जीभ आहे, जिभेला काही झालेलं नाही, चर्चमध्ये गाताना तर खणखणीत आवाज लागतो. पण कुणी काही मागितलं की तिच्या तोंडून दोनच उत्तरं बाहेर पडतात, ‘हो’ आणि ‘बघू’. आणि तिच्या ‘बघू’चा अर्थही ‘हो’च असतो, फक्त जरा उशिरा.

तिचं नाव लव्हॉन. हायवेवर, धान्याच्या कोठारांना लागून जे बर्गरचं दुकान आहे, तिथली ती मॅनेजर. मी ट्वायला, तिच्या थोरल्या भावाची बायको. मी गाडीवाल्यांच्या खिडकीवर बसते, कानाला माईक लावून. मी मूळची नदीपलीकडच्या गावची. लग्न करून इथे ब्लूमेनफेल्डला येऊन माझे केस पांढरे झाले, तरी गावातली माणसं मला अजून ‘गॅलनची नवी बायको’ म्हणतात. जुनी कोणी नव्हतीच, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

लव्हॉन या दुकानात शाळेत असताना लागली, एका उन्हाळ्यापुरती. चर्चच्या गाणाऱ्या पोरांची सहल जायची होती, तिला खर्चाला हवं होतं. उन्हाळा सरला तेव्हा मालक म्हणाले, “दुसरं कोणी मिळेपर्यंत थांबतेस का?” ती म्हणाली, “बघू.” ते दुसरं कोणी अजून मिळायचंय. लग्नाचंही तेच. ऑर्लिनने विचारलं, ही हो म्हणाली. मग बियाणं विकणाऱ्या एका फिरत्या माणसाने विचारलं, तर ही त्यालाही ‘बघू’ म्हणून आली. मला जाऊन त्या बिचाऱ्याला सांगावं लागलं की बाबा रे, तुझं बघून झालंय. ऑर्लिन माणूस चांगला निघाला, हे तिचं नशीब. घरात तीन व्हॅक्यूम क्लीनर आहेत, कारण दाराशी विकायला तीन वेगवेगळी माणसं आली. मांजरं किती आहेत ते मी विचारत नाही.

आता बादल्यांचं सांगते. बर्गरमध्ये घालायच्या खारवलेल्या काकड्या आमच्याकडे पांढऱ्या प्लॅस्टिकच्या मोठ्या बादल्यांतून येतात. घट्ट झाकण, दणकट कडी. काकड्या संपल्या की बादली उरते, आणि अशी बादली कचऱ्यात टाकायची हे आमच्या गावात कुणाला झेपणार नाही. कोंबड्यांचं खाणं, बटाटे, खिळे, बाळाचे भिजवलेले लंगोट, सगळ्याला ती चालते. लोक यायचे, टोपी हातात फिरवत विचारायचे, “लव्हॉन, एखादी बादली आहे का गं?” ती द्यायची. इथपर्यंत ठीक होतं.

पण आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. आईने तसं शिकवलेलं असतं, तिला तिच्या आईने. खरं तर बादली फुकट दिलेली, ती परत करायची काही गरज नव्हती. तरी ती परत यायची आणि येताना भरून यायची. अंडी, बीट, जंगली प्लमचा मुरांबा, घरचे पाव, एल्डामावशी श्रागच्या हातचं कलेजीचं सॉसेज. लव्हॉन बादली रिकामी करायची, धुवायची आणि पुसून बाजूला ठेवायची. मग तोच माणूस टोपी फिरवत पुन्हा यायचा. म्हणजे रहाटगाडगं चालूच.

हे सगळं जायचं कुठे, तर दुकानाच्या मागच्या थंड खोलीत. खोलीएवढा फ्रीज म्हणा ना, आत माणूस उभा राहतो. पुढच्या फळ्यांवर दुकानाचा माल, अगदी मागच्या फळीवर गावाचं प्रेम. गिऱ्हाइकाच्या पुढ्यात त्यातला कणसुद्धा कधी गेला नाही, हे मी कुणाच्याही समोर सांगेन. कामावरच्या बायका घरी न्यायच्या. मी स्वतः त्या बिटांवर दोन पोरं वाढवलीत.

सरकारी तपासणी व्हायची, नाही असं नाही. पण आधीचे तपासनीस हार्ली कॉफमन शेजारच्याच गावचे, आमच्यातलेच. ते थंड खोलीत शिरायचे, मागच्या फळीपुढे टोपी काढून क्षणभर उभे राहायचे आणि म्हणायचे, “मला काही दिसलं नाही बरं का.” बाहेर पडताना त्यांच्या हातात बादली असायची. पुढच्या तपासणीला ती भरून यायची, त्यांच्या बायकोचे सफरचंद घातलेले पाव घेऊन.

मग हार्ली निवृत्त झाले आणि जुलै सरता सरता, ऐन जेवणाच्या गर्दीत, त्यांच्या जागी मारिबेल केसादा नावाची मुलगी आली. ठेंगणी, हसतमुख, डोक्याला जाळी, हातात विजेरी आणि तापमान मोजायची काडी. सगळ्यांना ‘गुड आफ्टरनून’ केलं आणि तडक मागे. त्याच दिवशी सकाळी डेलबर्ट स्टकी बादली परत करून गेला होता. मी खिडकीवर होते, पण कान मागे लावून.

“हे काय आहे?” मारिबेलने विचारलं. झाकण उघडल्याचा आवाज मला आला होता.

लव्हॉनला जसं नाही म्हणता येत नाही, तसं खोटंही बोलता येत नाही. “बदक,” ती म्हणाली.

“तुमच्याकडे बदक विकतात?”

“बघू,” लव्हॉन म्हणाली. सवयच ती.

मी कपाळाला हात लावला. बाहेर गाडीतला माणूस विचारत होता की त्याचे बटाटे कुठे आहेत.

“आलं कुठून हे?”

“डेलबर्टकडून.”

“डेलबर्ट म्हणजे तुमचे ठरलेले पुरवठादार?”

“डेलबर्ट म्हणजे माझ्या सासूबाईंचा चुलतभाऊ.”

मारिबेल लिहीत राहिली. एकेक झाकण उघडत गेली, एकेकाची चौकशी करत गेली, आणि लव्हॉन प्रत्येकाचं नाव, घर, नातं, सगळं सांगत गेली. शेवटी तिला त्या मुलीचीच दया आली. “दमलीस गं तू,” ती म्हणाली. “जाताना थोडं कलेजीचं सॉसेज घेऊन जा.”

“बाई, मला तुमच्याकडची कॉफीसुद्धा घेता येत नाही.”

“मग नुसती बादली तरी ने. बादली चांगली असते.”

तेही त्या मुलीने लिहून घेतलं की काय, कोण जाणे.

आमच्या गावच्या साप्ताहिकात दर गुरुवारी तपासणीचे निकाल छापून येतात, मृत्यूच्या बातम्यांशेजारच्या रकान्यात. त्या पानाला आम्ही ‘मेलेले आणि मळलेले’ म्हणतो. माणसं आधी मेलेले वाचतात, मग मळलेले. त्या आठवड्यात नेमकं कोणी मेलं नाही, त्यामुळे सगळं गाव थेट आमच्यावरच आलं. छापलं होतं असं: ‘मूळ ठिकाण अज्ञात असलेले अन्न आढळले. अंडी, बीट, मुरांबा, सॉसेज, तसेच एक बदक, अख्खे. पुन्हा तपासणी होईल.’ आता मला सांगा, ‘अख्खे’ लिहायची काय गरज होती?

एल्डामावशी श्राग पेपर हातात घेऊन दुकानात आली. नव्वदीला टेकलेली बाई, काठी नाही, चष्मा नाही. पेपर काउंटरवर आपटला. “अज्ञात? माझं घर पाण्याच्या टाकीमागे आहे. आंधळ्यालाही सापडेल. त्या पोरीला म्हणावं, ये आणि बघ माझं स्वयंपाकघर. जमिनीवर जेव म्हणावं.”

“बघू, मावशी,” लव्हॉन म्हणाली. चेहरा पांढराफटक.

कारण तासाभरापूर्वीच विचिटाहून मालकांचा फोन येऊन गेला होता. हे जुन्या मालकांचे चिरंजीव, मिस्टर प्रूट. त्यांची डझनभर दुकानं आहेत, आमचं सगळ्यात लहान आणि सगळ्यात जुनं. ते म्हणाले, शेजारचा टायरवाला कधीपासून ही जागा मागतोय. पुढची तपासणी कोरी करकरीत गेली नाही, मागच्या फळीवर एक अंडं जरी सापडलं, तर मी जागा विकून मोकळा होतो. लव्हॉन त्यालाही ‘बघू’ म्हणाली असती, पण त्यांनी फोन ठेवला होता.

तर हे असं. दुकान गेलं तर आम्ही सगळ्या घरी. गावातल्या म्हाताऱ्यांना सकाळची कॉफी प्यायला दुसरी जागा नाही. आणि लव्हॉनचं काय? तिचं आख्खं आयुष्य त्या तव्यापुढे गेलेलं. घरी बसून काय करणार, व्हॅक्यूम क्लीनर फिरवणार?

मी म्हटलं, “सोपं आहे. लोकांना सांग, काही आणू नका.”

“त्यांना वाईट वाटेल.”

“टायर विकताना बघून जास्त वाईट वाटेल.”

“बघू,” ती म्हणाली.

आणि मग खरी मजा सुरू झाली. गावाला वाटलं, आपल्यामुळे बिचारीचं नाव पेपरात आलं. त्यातून ते आलं मृत्यूंच्या शेजारच्या रकान्यात. कुणाच्या घरी काही वाईट घडलं की आमच्याकडे लोक बोलत बसत नाहीत, भाजलेलं काहीतरी घेऊन दाराशी उभे राहतात. शुक्रवार सकाळपासून ते आमच्या दाराशी उभे राहायला लागले. शेवया-चिकन, बटाटा-चीज, जेलीत बुडवलेली गाजरं. डेलबर्ट स्टकी तर पडलेल्या चेहऱ्याने आला आणि म्हणाला, “लव्हॉन, त्या बदकामुळे तुला फार त्रास झाला. म्हणून हे दुसरं आणलंय.”

मी दारावर पाटी लावली. ‘घरचे खाणे आत आणू नये. आभारी आहोत.’ लोकांनी ती थांबून, नीट वाचली. “बरोबर आहे,” म्हणाले, आणि मागच्या दाराला गेले. मी मागच्या दारालाही पाटी लावली. मग त्यांनी आमच्या गाड्यांत ठेवायला सुरुवात केली. गावात गाडीला कुलूप कोण लावतो? दुपारी बाहेर पडले तर माझ्या ड्रायव्हिंगच्या सीटवर एक भला मोठा नूडल्सचा ट्रे बसलेला, वर फडकं, आणि चिठ्ठी: ‘सांभाळून, गरम आहे.’

हे सगळं गाडीत राहिलं असतं तरी निभावलं असतं. पण कॅन्ससचा ऑगस्ट लागलेला, बाहेर गाडीच्या टपावर अंडं तळून निघेल असं ऊन. लव्हॉन एकेक उचलून पुन्हा थंड खोलीत आणून ठेवायची.

“अगं, फेकून दे,” मी म्हटलं.

“अन्न?” ती म्हणाली. तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच खाली मान घातली. शनिवारपर्यंत मागची फळी भरली, मग खालची, मग जमीन. बर्गरचे पाव काढायला मला एका बदकावरून पाय टाकून जावं लागत होतं. ती मुलगी कुठल्याही दिवशी दारात उभी राहिली असती. शनिवारी संध्याकाळी मी लव्हॉनला गाठून सांगितलं, “उद्या चर्चमध्ये तू बोल. नाहीतर मी उठून बोलेन, आणि माझ्या जिभेला हाड नाही हे तुला माहीत आहे.”

आमच्याकडे प्रार्थना संपायच्या आधी पाळक विचारतात, कुणाला काही आनंद सांगायचाय का, काही चिंता सांगायचीय का. कुणाचा गुडघा असतो, कुणाची नात असते, पाऊस तर कायमचाच. त्या रविवारी दोन गुडघे झाले आणि लव्हॉन उठली. ती आजवर गाण्याशिवाय चर्चमध्ये कधी उभी राहिली नव्हती. ऑर्लिनने घाबरून माझ्याकडे बघितलं.

“मला सगळ्यांचे आभार मानायचेत,” ती म्हणाली, आणि सुरू झाली. डेलबर्टचं पहिलं बदक, डेलबर्टचं दुसरं बदक. व्हर्डेलाची अंडी. कुणाचे पाव, कुणाचा मुरांबा, कुणाची जेली. एकही घर सोडलं नाही बाईने. लोकांच्या घरी ओव्हनमध्ये मांस वाळत चाललं होतं, पाळक घड्याळाकडे बघत होते, आणि मला वाटलं ही आता आभार मानूनच खाली बसणार. शेवटी एल्डामावशीचं सॉसेज आलं. समोरच्या बाकाची पाठ तिने दोन्ही हातांनी धरली.

“आणि आता,” ती म्हणाली, “मला नको. कुणाचंच काही नको. यापुढे काही आणू नका.” आणि ती मटकन बसली.

पाळक जरा खाकरले. “लव्हॉन, हे मी आनंदात धरू की चिंतेत?”

कुणी हसलं नाही. एल्डामावशी पहिल्या बाकावर असते. तिने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

लव्हॉन घरी जाऊन आडवी झाली, पण मी म्हटलं, झालं, सुटलो. त्याच दिवशी मी आणि गॅलनने थंड खोली रिकामी करून सगळं आमच्या आणि तिच्या घरच्या फ्रीजमध्ये कोंबलं. सोमवारी सकाळी दुकानाच्या मागच्या दाराशी काही नव्हतं. गाड्यांत काही नव्हतं. दुकानातही कुणी नव्हतं.

कोपऱ्यातलं टेबल म्हाताऱ्यांचं. पहाटे दार उघडायच्या आधी ते बाहेर गाड्यांत बसून वाट बघतात. सोमवारी एकही आला नाही. दुपारी नाही, मंगळवारी नाही. हायवेवरचे दोन-चार ट्रकवाले आले तेवढेच. मी खिडकीत बसून माईकमध्ये स्वतःचा श्वास ऐकत होते. लव्हॉनने स्वच्छ तवा पुन्हा घासला, मग पुन्हा.

बुधवारी मारिबेल केसादा आली. विजेरी घेऊन मागे गेली, फळ्यांमागे वाकून बघितलं, काडी लावून तापमान घेतलं. पाव, मांसाच्या चकत्या, सलाडची पानं, चीज. बस्स. बाहेर येऊन म्हणाली, “एकही चूक नाही. फार छान केलंत.” मग रिकाम्या टेबलांकडे बघून म्हणाली, “आज सुट्टी आहे का कसली?”

“नाही,” लव्हॉन म्हणाली. हा शब्द आता येत होता तिला. काय उपयोग.

गुरुवारी छापून आलं, ‘कोणतीही त्रुटी आढळली नाही.’ मात्र त्या आठवड्यात गावातले दोघं गेले, त्यामुळे आमचा निकाल कुणी वाचला की नाही देव जाणे. मालकांनी मात्र वाचला. त्यांनी आठवड्याचा हिशेबही वाचला. फोनवर म्हणाले, “लव्हॉन, जागा स्वच्छ आहे, मान्य. पण गल्लाही स्वच्छ आहे. महिनाअखेरपर्यंत बघतो, मग टायरवाल्याला हो म्हणतो.”

ती भांडी घासायच्या जागी उभी राहून रडली. आवाज न करता, नळ सोडून. मला गावाचा असा संताप आला म्हणून सांगू. आयुष्यात एकदा बाईने नको म्हटलं, तर सगळ्यांनी तोंडं फिरवली? मी तिला म्हटलं, “चल, बाहेर जाऊ,” आणि नळाचा वायसर आणायचा होता म्हणून हार्डवेअरच्या दुकानात घेऊन गेले.

तिथे झाडूंच्या रांगेमागे डेलबर्ट स्टकी लपला होता. सहा फुटी माणूस, झाडूमागे किती लपणार?

“डेलबर्ट, बाहेर ये,” मी म्हटलं. “लाज नाही वाटत?”

“वाटते ना,” तो म्हणाला. “म्हणून तर लपलो.” टोपी काढून हातात फिरवायला लागला. “लव्हॉन, तुझी बादली आहे माझ्याकडे. तीन आहेत. रिकाम्या कशा आणू? भरून आणल्या तर तुला चालत नाही. तुझी बादली घरात ठेवून तुझ्या दुकानात कॉफी प्यायला कसा बसू? तुझ्याकडे बघू कसा?”

“सगळ्यांचं हेच आहे?” लव्हॉनने विचारलं.

“सगळ्यांचं हेच. एल्डामावशीने तर बादलीवर फडकं टाकलंय. दिसली की झोप लागत नाही म्हणते.”

मला हसावं की रडावं कळेना. रागावलं कोणी नव्हतं. रिकाम्या हाताने यायचं कसं, हे गावात कुणाला ठाऊकच नव्हतं. मी म्हटलं, मूर्ख आहात सगळे. डेलबर्ट म्हणाला, हो.

परतताना कोठारांपाशी आलो तशी लव्हॉन म्हणाली, “ट्वायला, टाकीकडे वळव.”

“कशाला?”

“मी एल्डामावशीकडे जेवायला जाणार.”

“तिने बोलावलंय?”

“नाही.”

मी गाडी थांबवली. न बोलावता, ऐन जेवणाच्या वेळी, कुणाच्या दारात? आमच्याकडे घरातलं मीठ संपलं तर माणूस अळणी खातो, पण शेजारी मागत नाही. मी तिला समजावलं, मग ओरडले. ती सरळ समोर बघत बसली. शेवटी मी वळवली. सीटखाली माझी एक मुरांब्याची बाटली होती, ती मी हळूच पर्समध्ये घालायला गेले, तर माझा हात धरून म्हणाली, “ती गाडीतच राहू दे.”

“अगं, रिकाम्या हाताने?”

“हो.”

एल्डामावशीने दार उघडलं. हाताला पीठ लागलेलं. तिने लव्हॉनच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग तिच्या हातांकडे, मग माझ्या हातांकडे. लव्हॉनने हात पुढे धरले होते, तळवे वर.

“मावशी,” ती म्हणाली, “मला भूक लागलीय. जेवायला घाल.”

मला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं. आत टेबलावर कलेजीचं सॉसेज होतं, पाव होते, बटाटे होते, चार माणसांना पुरून उरेल एवढं, आणि ताट एकच मांडलेलं. ते मला तेव्हा दिसलं. बाई इतकी वर्षं एवढं कुणासाठी करत होती, हे कधी मनातच आलं नव्हतं माझ्या.

“काही आणलं नाहीस,” एल्डामावशी म्हणाली.

“नाही आणलं.”

“तू पण नाही, ट्वायला?”

“हिने आणू दिलं नाही,” मी म्हटलं.

ती बाजूला झाली. “आत या, माश्या येताहेत,” म्हणाली आणि कपाटातून दोन ताटं काढली. लव्हॉन तीनदा वाढून घेऊन जेवली. मला सॉसेज आवडत नाही, पण मी दोनदा घेतलं, आणि तोंड वाकडं केलं नाही, हे माझंही कौतुक कुणीतरी करायला हवं. निघताना एल्डामावशीने सवयीने पाव फडक्यात बांधायला घेतले, मध्येच थांबली आणि फडकं पुन्हा सोडलं.

आमच्या गावात बातमी रात्रीतून फिरते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तेव्हा बाहेर सात-आठ गाड्या उभ्या. आत माणसं बसलेली, इंजिनं बंद, पण कुणी उतरत नव्हतं. पहिल्या गाडीतून एल्डामावशी उतरली. रविवारचा कोट घातला होता, त्या उकाड्यात. पर्स नाही, पिशवी नाही, बादली नाही. काचेतून सगळं गाव बघतंय हे तिला कळत होतं. ती दारातून आत आली, हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. कधी कोटाच्या खिशात घालायची, कधी पुढे गुंफायची. कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसली, आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले, सगळ्यांना दिसतील असे.

बाहेर एका गाडीचं दार उघडलं. मग दुसरीचं. डेलबर्टचं डोकं दिसलं, टोपी हातात.

लव्हॉन कॉफीचं भांडं घेऊन टेबलापाशी उभी होती. तिला काही दिसत नसावं, डोळे इतके भरले होते.

“ओत की पोरी,” एल्डामावशी म्हणाली. “उभी काय राहिलीस? मागे लोक आहेत.”